स्तनातलं इम्प्लांट बदलताना साइज कसा ठरवायचा? आधी रुंदी, मग प्रोफाइल, सीसी शेवटी

मोजपट्टी

पहिल्या ऑपरेशनच्या वेळी "३०० की ३५०?" हा प्रश्न निदान समजण्यासारखा असतो. रिव्हिजनमध्ये, म्हणजे आधीचं इम्प्लांट बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये, मात्र सीसीचा (मिलिलिटरचा) आकडा सगळ्यात शेवटी यायला हवा. मधल्या वर्षांत त्वचा ताणलेली असते, स्तनग्रंथींचा थर पातळ झालेला असतो, इम्प्लांटभोवती कॅप्सूल (शरीराने बनवलेलं आवरण) तयार झालेली असते आणि आतलं पॉकेट (इम्प्लांट बसण्याची जागा) एकदा कापून झालेलं असतं. त्यामुळे तोच आकडा त्याच छातीवर दुसऱ्यांदा वेगळा दिसतो.

सुरुवात कागदांपासून करा. इम्प्लांट कार्ड किंवा ऑपरेशन नोटला चिकटवलेलं स्टिकर शोधा. त्यावरून कंपनी, सीसी, प्रोफाइल (इम्प्लांट किती पुढे येतं), पृष्ठभाग स्मूथ की टेक्श्चर्ड (खरखरीत), आणि लॉट नंबर कळतो. व्यास लिहिलेला नसला तरी मॉडेल नंबरवरून कॅटलॉगमध्ये मिळतो. सलाइनचं (मिठाच्या पाण्याने भरायचं) इम्प्लांट असेल तर स्टिकरवरच्या आकड्यावर थांबू नका. ३०० च्या पिशवीत प्रत्यक्षात ३३० भरलेलं असू शकतं, आणि ते फक्त ऑपरेशन नोटमध्ये असतं.

मग प्रश्न येतो की बदलायचं का आहे. कॅप्सूल घट्ट झाली आहे, इम्प्लांट फुटलंय, खाली घसरलंय, काखेकडे सरकतंय, मधे एकत्र आलंय, कडा किंवा सुरकुत्या हाताला लागतात, की फक्त आकार आवडत नाही? यातल्या निम्म्या तक्रारी साइज बदलून सुटत नाहीत. काही तर मोठा साइज घातल्याने वाढतात. खाली घसरलेल्या इम्प्लांटच्या जागी मोठं इम्प्लांट घातलं की ते जास्त वजनाने त्याच वाटेने घसरणार.

आता मापं. हे पाच आकडे दोन्ही बाजूंचे वेगवेगळे लिहा:

१. स्तनाच्या पायाची रुंदी, कॅलिपरने. टेप वळणावरून फिरते आणि एक-दीड सेंमी जास्त दाखवते.
२. वरच्या भागात चिमटीत येणारी जाडी.
३. आतल्या कडेला, बाहेरच्या कडेला आणि स्तनाखालच्या घडीपाशी चिमटीत येणारी जाडी.
४. एरिओलाच्या (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या) कडेला धरून त्वचा पुढे ओढल्यावर ती किती सेंमी येते.
५. स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर, त्वचा पूर्ण ताणून.

रुंदीतून आतल्या आणि बाहेरच्या चिमटीची अर्धी-अर्धी जाडी वजा केली की इम्प्लांटची रुंदी मिळते. समजा पाया १३ सेंमी, आतली चिमटी १.५ आणि बाहेरची २. अर्धी जाडी मिळून १.७५, म्हणजे इम्प्लांट सव्वाअकरा सेंमीच्या आसपास. कॅटलॉगमध्ये सव्वाअकराच्या ओळीवर बोट ठेवा आणि आडवे वाचत जा: मॉडरेट, मॉडरेट प्लस, हाय. तीन प्रोफाइलला तीन वेगळे सीसी दिसतील. तुमची निवड बहुतेक त्या तीन आकड्यांमध्येच आहे.

निर्गुडी

प्रोफाइलचा गोंधळ होतो. हाय प्रोफाइल म्हणजे मोठा साइज असंच बरेच जण धरून चालतात. एकाच सीसीत फरक नेमका कशात असतो?

मोजपट्टी

सीसी म्हणजे आत किती जेल आहे. प्रोफाइल म्हणजे ते कसं पसरलंय. ३०० सीसी मॉडरेटमध्ये रुंद आणि बसकं असतं, हायमध्ये अरुंद आणि पुढे आलेलं. एकाच सीसीला या दोघांच्या व्यासात सहज १ सेंमी किंवा जास्त फरक पडतो. भाकरी आणि तेवढ्याच पिठाचा गोळा डोळ्यांसमोर आणा.

रिव्हिजनमध्ये याचा उपयोग असा: रुंदी वाढवायला जागा नाही पण उठाव हवा आहे, तर त्याच व्यासात एक प्रोफाइल वर जाता येतं. मात्र अल्ट्रा हायचा मोह टाळावा. अरुंद पायावर सगळा दाब मधोमध येतो, स्तनाग्रामागचा थर आणखी पातळ होतो आणि कडा गोल वाटीसारखी उठून दिसते. ज्यांचे थर आधीच पातळ झालेत त्यांना हे लवकर जाणवतं.

शिरीषफूल

लेखाशी बहुतेक सहमत, एका मुद्द्यावर वेगळं मत. चिमटीची अर्धी जाडी वजा करण्याचं सूत्र पहिल्या ऑपरेशनसाठी चांगलं आहे. रिव्हिजनमध्ये, विशेषतः कॅप्सूल घट्ट झाली असेल तर, पायाची रुंदीच फसवी असते. बेकर ३ किंवा ४ मध्ये (कॅप्सूल किती घट्ट आहे याच्या १ ते ४ या श्रेणींतल्या वरच्या दोन) कॅप्सूल आकसून इम्प्लांटचा चेंडू करते. स्तन अरुंद आणि वर चढलेला दिसतो. तेव्हा कॅलिपरने ११ मिळालं आणि त्यावरून इम्प्लांट निवडलं, तर कॅप्सूल काढल्यावर पॉकेट मोकळं होतं आणि ते इम्प्लांट छातीवर छोटं पडतं.

अशा वेळी स्तन मोजण्याऐवजी छाती मोजावी. उरोस्थीच्या मध्यरेषेपासून दीड सेंमीवर आतली हद्द धरायची, काखेच्या पुढच्या रेषेवर बाहेरची. त्यामधलं अंतर म्हणजे पॉकेटची कमाल रुंदी. एकाच बाजूला कॅप्सूल घट्ट असेल तर दुसरी बाजू उत्तम संदर्भ देते.

उलटं खाली घसरलेल्या स्तनात होतं. तिथे स्तनाग्र ते घडी हे अंतर १०-११ सेंमी मिळतं, आणि "एवढी त्वचा आहे तर ४५० सहज मावेल" असा निष्कर्ष निघतो. ती त्वचा मूळची नाही, इम्प्लांटने खेचून आणलेली आहे. घडी आधी मूळ जागी टाक्यांनी बसवायची आणि त्या नव्या घडीपासून अंतर धरायचं. साधारण ३०० सीसीला ताणलेलं अंतर ८ सेंमी, ४०० ला साडेनऊ, हा अमेरिकन प्लास्टिक सर्जन टेबेट्स यांच्या पद्धतीतला ठोकताळा इथे कामाचा आहे. अंतर याहून बरंच जास्त असेल तर प्रश्न त्वचेचा आहे, त्याचं उत्तर लिफ्टमध्ये (जास्तीची त्वचा काढून स्तन वर उचलण्यात) आहे.

मोजपट्टी

हो, आकसलेल्या कॅप्सूलचा मुद्दा लेखात यायलाच हवा होता.

आंबेहळद

आधी ३०० आहेत, "थोडंसं" वाढवायचंय. ५० सीसीने फरक दिसतो का?

मोजपट्टी

५० सीसी म्हणजे साडेतीन मोठे चमचे. ते बारा सेंमीच्या गोलावर पसरलं की कपड्यांवरून कोणाच्या लक्षात येणार नाही, आरशातही क्वचितच. निव्वळ आकारासाठी पुन्हा भूल, पुन्हा कॅप्सूल उघडणं आणि पुन्हा संसर्गाचा धोका घ्यायचा, तर निदान १००-१२५ सीसीचा फरक तरी हवा. नाहीतर ऑपरेशन न करणं बरं. दुसऱ्या कारणासाठी पॉकेट उघडणारच असेल तर गोष्ट वेगळी.

ब्रामधल्या कपच्या भाषेत मात्र बोलू नका. ३४सी आणि ३६बी यांच्या कपात जवळजवळ सारखंच माप मावतं, आणि प्रत्येक कंपनीचा सी वेगळा. "मला डी हवा" हे सर्जनला काहीच सांगत नाही. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईंना सांगतो तसं छातीचा घेर आणि छातीखालचा घेर असे दोन आकडे सांगितले तर निदान बोलण्याला आधार मिळतो.

निर्गुडी

घरी तांदूळ भरून बघतात, ते कितपत खरं?

मोजपट्टी

दिशा कळते, आकडा नाही. करायचंच तर नीट करा. घरातली वाटी वापरू नका, प्रत्येक घरची वाटी वेगळी. मिलिलिटरच्या खुणा असलेला कप घ्या. तांदूळ मापाने भरा, वजनाने नाही. ३०० मिलि तांदूळ वजनाला सुमारे अडीचशे ग्रॅम भरतो, म्हणून "३०० ग्रॅम" तोललं तर तुम्ही साडेतीनशेच्या वर आकार बघत बसता. पातळ स्टॉकिंगमध्ये भरा, गाठ मारून चपटं करा, पॅड नसलेल्या मऊ ब्रात घाला आणि एक दिवस घरात वावरा.

रिव्हिजनमध्ये इथे मोठी अडचण आहे. आत आधीच इम्प्लांट आहे. त्यामुळे पिशवीत फक्त फरक भरायचा. ३०० वरून ४०० चा विचार असेल तर १०० मिलि. अख्खे ४०० भरून पाहिलं की ते ७०० दिसतात, आणि मग माणूस घाबरतो तरी किंवा भलताच आकडा डोक्यात घेतो. शिवाय पिशवी त्वचेच्या बाहेर असते, इम्प्लांट स्नायूखाली दाबलेलं. आत तोच आकडा थोडा लहान दिसतो.

करडी_छटा

रेडिओलॉजीच्या बाजूने. आकार ठरवण्याआधी आत काय आहे ते बघणं हा वेगळा टप्पा आहे, तो गाळू नका. सिलिकॉनच्या इम्प्लांटमध्ये फुटलेलं बाहेरून कळेलच असं नाही, जेल कॅप्सूलच्या आतच राहतं. चांगल्या मशीनवर केलेली सोनोग्राफी सुरुवातीला पुरते, शंका राहिली तर कॉन्ट्रास्टशिवायचा इम्प्लांट प्रोटोकॉलचा एमआरआय. अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेची २०२० ची सूचना अशी की लक्षणं नसली तरी पहिल्यांदा ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी तपासणी व्हावी.

कार्ड हरवलं असेल तर याच स्कॅनमधून जुन्या इम्प्लांटची रुंदी, उंची आणि जाडी मोजून घेता येते. मागणी लिहिताना तसं स्पष्ट लिहा, नाहीतर रिपोर्टमध्ये फक्त "इम्प्लांट शाबूत" एवढंच येतं. वरच्या भागातल्या ऊतींची जाडीही मिलिमीटरमध्ये मागा. चिमटीपेक्षा ती जास्त भरवशाची.

अजून एक. ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर एक बाजू अचानक फुगली असेल तर ती "साइज वेगळा झाला" म्हणून रिव्हिजनला नेऊ नका. आधी द्रव काढून सीडी३० (लिम्फोमा ओळखण्याची चाचणी) सह तपासायला पाठवा. टेक्श्चर्ड इम्प्लांटशी जोडलेला लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग), बीआयए-एएलसीएल, बहुतेक असाच समोर येतो. ॲलर्गनने बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट्स जुलै २०१९ मध्ये जगभरातून मागे घेतली ती याच कारणाने. ज्यांची त्याआधीची आहेत त्यांनी स्टिकर जरूर बघावं. लक्षणं नसतील तर केवळ तेवढ्यासाठी काढा असं एफडीए सांगत नाही, पण नाहीतरी बदलायचंच असेल तर नवीन स्मूथ घ्यायचं की कसं हे बोलून घ्या.

दुर्वांकुर

इथे सगळे मोठं करण्याबद्दल बोलतायत. ४५० वरून २५०-२७५ वर यायचं असेल तर? ते सोपं असतं ना, जागा तर आहेच.

शिरीषफूल

सोपं वाटतं, पण लहान करणं बहुधा जास्त कठीण. जागा आहे हीच अडचण आहे. ४५० चं पॉकेट २७५ ला कमीत कमी दीड सेंमी रुंद पडतं. इम्प्लांट त्यात फिरतं, पाठीवर झोपल्यावर काखेत जातं, उभं राहिल्यावर तळाशी बसतं. वरून त्वचा सैल.

त्यामुळे लहान करताना तीन कामं एकत्र बघावी लागतात. पॉकेट लहान करणं: कॅप्सूलच्या भिंती बाहेरून आणि खालून न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवणं, किंवा जुनी कॅप्सूल मिटवून तिच्या पुढे आणि स्नायूच्या मागे नवीन पॉकेट करणं. त्वचा कमी करणं: लिफ्ट. आणि वरच्या भागातला खळगा भरणं: तिथे चरबी टोचता येते, पण टोचलेली सगळी टिकत नाही, तिसरा हिस्सा ते निम्मी जिरते. म्हणून दुसऱ्या खेपेची तयारी ठेवा.

नव्या पॉकेटमध्ये रुंदी सर्जनच्या हातात असते, म्हणून तिथे इम्प्लांट व्यासाने निवडणं खरोखर शक्य होतं. नुसत्या टाक्यांवर भिस्त असेल तर वजन कमी ठेवा. टाका तुटला की आठवड्याभरात इम्प्लांट जुन्या जागी.

इम्प्लांट ग्रंथीखाली असेल, पूर्ण कॅप्सूल काढायची असेल आणि त्याच वेळी लिफ्टही करायचं असेल, तर स्तनाग्राच्या रक्तपुरवठ्याचा विचार साइजच्या आधी. आधीचा छेद एरिओलाभोवती असेल तर आणखीच. अशा ठिकाणी दोन टप्पे करणं शहाणपणाचं: आधी इम्प्लांट आणि कॅप्सूल काढणं, ३ ते ६ महिने थांबून लिफ्ट आणि नवीन इम्प्लांट. मधल्या काळात त्वचा आक्रसते, सूज जाते, आणि बऱ्याच जणींना कळतं की त्यांना आधी वाटलं होतं त्याहून लहान इम्प्लांट पुरेल.

आंबेहळद

ग्रंथीखालून स्नायूखाली हलवायचं असेल तर सीसी बदलतो का?

शिरीषफूल

आकडा तोच ठेवला तरी दिसणं बदलतं. स्नायू वरचा भाग दाबतो, उठाव कमी होतो, पहिले दोन-तीन महिने इम्प्लांट वर चढलेलं दिसतं. वरच्या भागात चिमटी २ सेंमीपेक्षा कमी भरत असेल तर हलवणंच योग्य, कारण पातळ थराखाली कडा आणि सुरकुत्या कुठल्याच साइजने लपत नाहीत. उलट मोठ्या साइजने थर अजून ताणला जाऊन जास्त दिसतात.

खालचा भाग मात्र ड्युअल प्लेनमध्ये, म्हणजे इम्प्लांट अर्धवट स्नायूखाली ठेवण्याच्या पद्धतीत, ग्रंथीखालीच राहतो. घडीपाशी चिमटी अर्धा सेंमीहून कमी असेल तर घडी खाली नेऊ नये आणि जड इम्प्लांटही नको.

ओटीसिस्टर_कोल्हापूर

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल. रिव्हिजनमध्ये नेमका एकच साइज मागवून ठेवणं ही चूक आहे. ठरलेला साइज, त्याच्या एक पायरी वर, एक पायरी खाली, आणि जमलं तर दुसऱ्या प्रोफाइलचा जवळचा साइज, प्रत्येकी जोडी. डिस्ट्रिब्यूटर न वापरलेले बंद बॉक्स परत घेतो का ते आधी विचारून ठेवा. हे पेशंटनेही विचारावं: "त्या दिवशी टेबलाजवळ कुठले साइज असतील?"

जुनं इम्प्लांट बाहेर आलं की तोला. साधा डिजिटल काटा, आधी निर्जंतुक वाटी शून्यावर घ्यायची. सिलिकॉन जेलची घनता पाण्याच्या अगदी जवळ, ०.९७, म्हणून ग्रॅम म्हणजे जवळपास सीसी. कार्ड नसलेल्या केसमध्ये हाच आकडा सगळ्यात खरा. फुटलेलं असेल तर सांडलेलं जेलही गोळा करून तोला. सलाइनचं गळलेलं असेल तर वजनाचा उपयोग नाही, कवचावर मागच्या बाजूला छापलेलं वाचा.

पॉकेटचं काम पूर्ण झाल्यावरच सायझर (साइज तपासायचं तात्पुरतं इम्प्लांट). टाके घालायच्या आधी सायझर घातला तर तो जुन्या पॉकेटचा आकार दाखवतो. सलाइनचा सायझर असेल तर २५-५० सीसीने भरत जायचं आणि प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने सांगून फळ्यावर लिहायचा, डावा-उजवा वेगळा. मग त्वचा तात्पुरती स्टेपल करून टेबलाची पाठ ८०-९० अंशांपर्यंत उभी. त्यासाठी हात सुरुवातीलाच पट्ट्यांनी नीट बांधलेले हवेत आणि भूलतज्ज्ञांना आधी कळवलेलं हवं, कारण पाठ उभी करताना रक्तदाब उतरतो. पेशंटच्या पायांकडून बघायचं, बाजूने नाही. घडी एका रेषेत आहे का, मध्ये २-३ सेंमी अंतर राहतंय का, बाहेरची कडा काखेत जाते का.

सायझर काढल्यावर पॉकेट धुणं, हातमोजे बदलणं, स्तनाग्रांवरची चिकटपट्टी तपासणं, आणि मगच खरं इम्प्लांट उघडणं. एकदाच वापरायचा सायझर पुन्हा ऑटोक्लेव्ह करून वापरू नये, हे स्पष्ट सांगते.

दुर्वांकुर

दोन्ही बाजू वेगळ्या असतील तर वेगवेगळे साइज घालतात का?

मोजपट्टी

घालतात, पण कारण बघून. फरक ग्रंथींच्या प्रमाणात असेल तर २५-५० सीसीचा फरक, शक्यतो त्याच प्रोफाइलमध्ये. फरक बरगड्यांच्या उठावात असेल तर कधी सीसी तोच ठेवून प्रोफाइल बदललेलं बरं. फरक एका बाजूची घडी खाली गेल्यामुळे असेल तर साइज सारखाच ठेवून घडी दुरुस्त करायची. या तिसऱ्या प्रकारात वेगळे साइज घातले की सहा महिन्यांनी दोन चुका दुरुस्त कराव्या लागतात.

मधे एकत्र आलेल्या स्तनांतही तसंच. तिथे इम्प्लांट छातीपेक्षा रुंद असतं. आधी व्यास कमी, मग मधली भिंत शिवणं. रुंद इम्प्लांट ठेवून नुसती भिंत शिवली तर ती पुन्हा उसवते.

करडी_छटा

आकडे बघायचे असतील तर, नॅट्रेल या सिलिकॉन इम्प्लांट्सच्या अमेरिकेतल्या १० वर्षांच्या कोअर अभ्यासात बेकर ३-४ कॅप्सूलचं प्रमाण पहिल्या ऑगमेंटेशनमध्ये (आकार वाढवण्याच्या ऑपरेशनमध्ये) १८.९ टक्के होतं आणि रिव्हिजनमध्ये २८.७. पुन्हा ऑपरेशनचं प्रमाण ३६.१ विरुद्ध ४६. साइज निवडताना हे डोळ्यांसमोर असावं.

शिरीषफूल

म्हणूनच वजनाबद्दल मी कंजूष आहे. ५०० ची जोडी म्हणजे छातीवर दिवसरात्र एक किलो. दुसऱ्यांदा कापलेल्या, पातळ झालेल्या थरावर ४०० च्या वर जायचं असेल तर सर्जनने रुंदी आणि चिमटी दाखवून ते पटवून द्यावं. "पेशंटला हवंय" हे कारण पुरेसं नाही. खूप गरजच असेल तर खालच्या भागाला आधार म्हणून जाळी किंवा एडीएम (पेशी काढून टाकलेल्या त्वचेचा पडदा) लावतात, पण त्याचा खर्च आणि धोके वेगळे मोजायचे.

आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे ना, एवढं आधी बघा.

निर्गुडी

शेवटचा प्रश्न. नंतर साइज बरोबर बसला की नाही, हे कधी ठरवायचं?

मोजपट्टी

पहिले सहा आठवडे आधाराची, तार नसलेली ब्रा, दिवसरात्र. पॉकेट शिवलेलं असेल तर पालथं झोपणं आणि हात डोक्यावर नेऊन वजन उचलणं बंद. या काळात सूज दोन्ही बाजूंना सारखी नसते, कॅप्सूल जास्त काढलेली बाजू उशिरा उतरते, म्हणून तुलना करू नका. तीन महिन्यांनी पहिला फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके आणि आडवे, हात कमरेवर. सहा महिन्यांनी तोच संच, आणि दोन्ही वेळी सुरुवातीचे पाचही आकडे त्याच बिंदूंवरून पुन्हा. सगळ्यात आधी स्तनाग्र ते घडी हे अंतर बघा. तीन आणि सहा महिन्यांच्या मापांत ते एक सेंमीहून जास्त वाढलं असेल तर इम्प्लांट खाली सरकतंय. तेव्हा वर्षाची वाट न बघता सर्जनला आकडे दाखवा.